बारा सुया

फेब्रुवारीतल्या एका रविवारी उपासना संपल्यावर दाराशी गुलाबी कागद वाटले गेले. वर ठळक अक्षरांत 'माझं कृपादान', म्हणजे देवानं दिलेला गुण, आणि खाली चौकटी: उपदेश, गायन, वाद्यवादन, शब्बाथ शाळेत शिकवणं, सुवार्ताकार्य, प्रार्थना, पाहुणचार, आणि हल्लीच्या काळाला धरून अगदी शेवटी साऊंड व प्रोजेक्टर. आपल्याला जे येतं त्यावर खूण करायची, खाली नाव-फोन लिहायचा आणि कागद दानार्पणाच्या पिशवीत टाकायचा. तरुण संघातल्या पोरांनी मनापासून केलेलं काम होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. मी 'शिकवणं'वर खूण केली. 'गायन'वर पेन जरा वेळ धरलं आणि उचललं. तेवढ्यात मावशींनी आपला कागद माझ्यापुढे धरला. "चष्मा घरी राहिला गं. तूच लिही." "काय लिहू?" "लिही काहीतरी. मला मेलीला कुठलं काय येतंय!" बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता, घरी जावई जेवायला यायचे होते, मटण अजून चुलीवर चढायचं होतं. मी 'प्रार्थना'वर खूण करून मोकळी झाले. म्हाताऱ्या बायकांच्या कागदावर सगळे जिथे करतात, तिथेच.

टोचायला लागलं ते संध्याकाळी, भांडी घासताना. मावशींना काय येतं हे मंडळीत बाकी कुणाच्या ध्यानात नसेल, पण मला तर चांगलं ठाऊक होतं.

मावशी पेटीचं अस्तर शिवतात.

आमच्यात माणूस गेलं की पहिला निरोप पाळकसाहेबांना जातो, दुसरा सुताराला आणि तिसरा मावशींना. हा क्रम कुठे लिहिलेला नाही. सुतार रात्रीतून फळ्या कापतो, ठोकतो, आणि पहाटेच्या सुमाराला हातगाडीवर घालून ती पेटी कंपाऊंडमधल्या मावशींच्या कौलारू घरापुढे आणून ठेवतो. तोवर त्यांचं पायमशीन चालू झालेलं असतं. आत मांजरपाटाचा एक थर, वर पांढरं सॅटीन, कडेनं चुण्यांची झालर. झालर मशीनवर, पण फळीला बसवायची ती हातानं, बारीक चुका ठोकून. तोंडात सातआठ चुका धरलेल्या असतात, त्यामुळे त्या वेळी मावशी बोलत नाहीत, नुसत्या हुंकार देतात. झाकणावर काळ्या फितीचा क्रूस. बाई गेलेली असली तर तिला नेसवायलाही मावशीच. अंग ताठलेलं असतं, हात वळत नाही, म्हणून त्या ब्लाउज पाठीतून सरळ उसवतात, पुढून घालतात आणि मागे नाडीचे दोन बंद बांधतात. पुढून बघणाऱ्याला काही कळत नाही. मी एकदा विचारलं होतं, "मागचं कुणाला दिसतंय मावशी, बंद कशाला लावता? नुसतं खोचून द्यायचं." त्यांनी तोंडातल्या चुका काढून हातावर घेतल्या, म्हणजे उत्तर महत्त्वाचं होतं. "उघडी पाठ घेऊन जाईल का बाई?"

पैसे घेतात का, असं कुणी विचारील. कापडाचे घेतात. शिलाईचे कुणी बळंच हातात कोंबले तर घेतात, नाही तर नाही. दिवसा त्या शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवतात, त्यावर घर चालतं, आणि तिथे मात्र दहा रुपये सोडत नाहीत. संतबिंत काही नाहीत. शेजारणीच्या कोंबड्यांवरून त्यांनी दोन वर्षं अबोला धरलेला मी पाहिला आहे.

माझी आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. आईच्या मानेचं दुखणं जुनं. तिला उशी चालायची नाही, आणि अजिबात नसली तरी झोप यायची नाही. जुन्या लुगड्याच्या चार घड्या करून ती मानेखाली घ्यायची, डोक्याखाली नव्हे. पेटीत ठेवतात ती उशी चांगली टम्म असते, डोकं वर राहावं म्हणून. आईला ठेवलं तेव्हा मी रडत होते, बघत नव्हते. नंतर कधीतरी, पाचसहा वर्षांनी, रात्री झोप लागत नसताना तो चेहरा डोळ्यांपुढे आला आणि उमगलं, की आईचं डोकं खाली होतं. सपाट. हनुवटी थोडी वर, तिची झोपायची पद्धत तशीच. त्या पेटीत उशी नव्हती, मानेखाली काहीतरी बारीक गुंडाळलेलं होतं. मावशींना मी विचारलं नाही. काय विचारणार? आई आणि त्या कधी एका खोलीत झोपल्या असतील तर एखाद्या महिला मेळाव्याला, सतरंजीवर, वीसपंचवीस वर्षांपूर्वी.

आमच्या घरात मात्र पेटी म्हणजे बाजाची पेटी. वडील मिशनच्या शाळेत मास्तर आणि सुट्टीत कीर्तनकार. नगर जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांत त्यांनी कीर्तनं केली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं त्यांना इतकी पाठ होती की आईशी भांडतानाही मधेच एखादी ओळ यायची. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, ही गोष्ट ते डोळ्यांत पाणी आणून सांगत. त्यावर आतून आई म्हणायची, "तुम्ही सोडू नका म्हणजे झालं." तर त्या घरात कृपादान म्हणजे काय हा प्रश्नच नव्हता. कृपादान म्हणजे गळा. मला तो होता. आठव्या वर्षापासून नाताळच्या उपासनेत एकटीनं म्हणायला मीच. गाणं संपल्यावर जी क्षणभर शांतता पडते, पंख्यांचा आवाज ऐकू येतो आणि मग कुणीतरी घसा खाकरतं, ती शांतता मला देवाची वाटायची. आता वाटतं त्यातली बरीचशी माझी होती. पन्नाशीच्या आसपास गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, वरचे स्वर गेले. आता मी चौथ्या बाकावर बसून खालच्या पट्टीत गुणगुणते, आणि पुढे नव्या मुली गायला लागल्या की त्यांच्या चुका मोजते. हे कबूल करायला लाज वाटते, पण मोजते.

तेव्हा त्या गुलाबी कागदावर माझं पेन 'गायन'शी अडखळलं ते काही नम्रपणानं नव्हे.

कागदाचा राग आला म्हणून मी रात्री पवित्रशास्त्र, म्हणजे बायबल, काढून बसले. पौलाच्या पत्रांत या दानांच्या याद्या आहेत, हे शब्बाथ शाळेत घोकलेलं. रोमकरांसच्या बाराव्या अध्यायात बोध करणं आहे, शिकवणं आहे, तशीच सेवा आहे, देणं आहे, आणि शेवटी दया करणं, तेही हसतमुखानं. करिंथकरांसच्या पहिल्या पत्रात साहाय्य करणं हे सरळ दानांत मोजलेलं. म्हणजे चौकट मुळात होती. आमच्यापर्यंत येता येता गळाली, आणि तिच्या जागी प्रोजेक्टर आला. बरं, पौल स्वतः राहुट्या शिवणारा. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी तो उतरला, कारण त्यांचा धंदा एकच. जाड कापडातून किंवा कातड्यातून सुई ओढणाऱ्याची बोटं कशी होतात हे मला मावशींच्या बोटांवरून माहीत आहे. त्याच बोटांनी त्यानं पत्रांखाली मोठाल्या अक्षरांत सही केली असेल, असं त्या रात्री उगाच वाटून गेलं.

मग ओघानं यापोची टबीथा आलीच. तिचंच दुसरं नाव दुर्कस. प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. प्रवचनात तिचं जिवंत होणं सांगतात, कारण तो चमत्कार. मला नेहमी त्याआधीची खोली दिसते. माडीवर प्रेत धुऊन ठेवलेलं, पेत्र दारात येतो, आणि विधवा बाया रडत रडत त्याला काय दाखवतात तर कपडे. हा अंगरखा तिनं शिवला, हे वस्त्र तिनं शिवलं. आमच्याकडेही मयताच्या घरी बाया असंच करतात, फ्रीजमधलं लोणचं दाखवतात, "बघा, परवाच घातलं होतं." त्या अख्ख्या गोष्टीत टबीथाच्या तोंडी एक वाक्य नाही. जिवंत झाल्यावरसुद्धा ती डोळे उघडते, उठून बसते, आणि बोलत काहीच नाही. तोंडात चुका धरल्या असतील, असं मनात आलं आणि एकटीच हसले.

त्या दासांच्या दृष्टांताचंही असंच. मत्तयाच्या शुभवर्तमानात मालक परदेशी जाताना तिघांना पैसे देऊन जातो; दोघे ते वाढवतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. इंग्रजी शाळेत शिकलेली आमची मुलं सहज सांगतात, की हा टॅलेंटचा दृष्टांत, म्हणजे अंगच्या गुणांचा. मूळचा टॅलेंट हे वजन, पैशाचं माप. अंगचा गुण हा अर्थ इंग्रजीत याच गोष्टीवरून पुढे आला. आमच्या घरच्या जुन्या मराठी शास्त्रात मात्र सरळ रुपये होते, पाच हजार, दोन हजार आणि एक हजार. त्यामुळे लहानपणी मला तो शुद्ध व्यवहार वाटायचा, आणि हजार रुपये जमिनीत पुरणाऱ्याची बाजू पटायची. आमच्या घरी हजार रुपये असते तर आम्हीही पुरले असते. लूकाच्या शुभवर्तमानात तशाच गोष्टीतला दास मोहर रुमालात बांधून ठेवतो. ते तर मी अजून करते. आवाज गेल्यापासून शब्बाथ शाळेतल्या मुलांना सूर धरायला शिकवशील का, असं दोनदा विचारून झालंय. मी दोन्ही वेळा घशाकडे बोट दाखवलं.

दहावीत असताना आमची सहल केडगावला गेली होती. आपलं नगरचं केडगाव नव्हे, दौंडपलीकडचं, पंडिता रमाबाईंचं. त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आम्हाला दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या, 1897 च्या सुमाराला मध्य प्रांतातून बाईंनी आणलेल्या मुलींच्या. पण मला आठवतो तो छापखान्याचा विषय. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून अख्ख्या पवित्रशास्त्राचं मराठी भाषांतर केलं. 1922 च्या एप्रिलात त्या गेल्या, त्याआधी ते काम हातावेगळं केलं. हे सगळ्या पुस्तकांत असतं. ते शास्त्र छापलं मात्र तिथल्याच मुलीबायांनी. एकेक खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, चिमटीत धरून, उलट्या अक्षरांत, काना-मात्रा-वेलांटी सांभाळत ओळ जुळवायची. त्यांतल्या कित्येकींना तिथे येईपर्यंत अक्षरओळख नसणार. कोणी उत्पत्ती जुळवलं, कोणी स्तोत्रं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. जिनं दुष्काळात आईबाप मरताना पाहिले तिच्या हाताखाली इजिप्तच्या दुष्काळाचा अध्याय आला असेल, तेव्हा तिनं काय केलं असेल? बहुतेक वेलांटी तपासली असेल.

मार्चच्या पहिल्या रविवारी चर्चच्या फळ्यावर गटांच्या याद्या लागल्या. प्रार्थना गट, दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, आणि त्यात मावशींचं नाव.

माझ्या पोटात खड्डा पडला. मला वाटलं होतं कागद कुठेतरी कपाटात जातील, आपल्याकडे जातात तसे. पण पोरं कामाची निघाली. मावशींना कुणी फळा वाचून दाखवला देव जाणे. बुधवारी त्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन हजर. पुढच्या बुधवारीही. माझ्या कानावर आलं की त्या तिथे काही बोलत नाहीत, मोठ्यानं प्रार्थना करायची पाळी आली की शेजारणीचा हात दाबून पुढे ढकलतात. सांगायला हवं होतं मी. "मावशी, ती खूण माझी." रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी निघायचं.

मग तिसऱ्या बुधवारी आमच्यातले एक निवृत्त ड्रायव्हरकाका गेले. दुपारी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माती द्यायची होती, मुलाला नोकरीवर परतायचं होतं म्हणून. सुतारानं पेटी आणली तर मावशींच्या दाराला कुलूप, फोन बंद, कारण प्रार्थनेत फोन बंद ठेवतात. त्यानं थोडी वाट पाहिली आणि बाजारातून तयार झालर आणून स्टेपलर मारून दिली. सकाळी घरी पोचले तेव्हा पेटी अंगणात बाकड्यावर होती. गुळगुळीत नायलॉनची झालर, डोक्याकडच्या कोपऱ्यात सुटलेली, आतलं लाकूड दिसत होतं. मावशी आल्या, सगळ्यांसारख्या उभ्या राहिल्या, फूल ठेवलं. ठेवताना त्यांचा अंगठा त्या सुटलेल्या कडेवरून एकदा फिरला आणि त्यांनी ती आत दाबली. ती परत वर आली. "घाईत झालं वाटतं," एवढंच म्हणाल्या. सुताराकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. कबरस्थानात माती टाकताना माझ्या मुठीत खडाच आला आणि पेटीवर पडल्यावर त्याचा नको तेवढा आवाज झाला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतही त्या असंच एवढंच काहीतरी बोलल्या होत्या. एप्रिल 2021 मध्ये आमची माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट गेली, पेटीचा प्रश्नच नव्हता. मावशींकडे सॅटीन आणि मांजरपाट पडून होता. त्यांनी मांजरपाटाचे मास्क शिवले, दोनपदरी, नाकाशी चुणी घालून, आणि कंपाऊंडमध्ये घरोघर वाटले. कापड कशाचं हे आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. आम्ही ते नाकातोंडाला बांधून सहा महिने हिंडलो. "चांगलं कापड आहे, कुणाच्या तरी कामी येऊ दे," असं काहीतरी त्या म्हणाल्या होत्या. सॅटीनला मात्र त्यांनी हात लावला नाही. घडी करून वर नॅप्थलीनच्या गोळ्या घालून ठेवलं.

ड्रायव्हरकाकांच्या मातीनंतरच्या रविवारी मी गेले. तोंडी बोलायला काहीतरी हवं म्हणून केळी घेऊन गेले. घरात मशीनच्या तेलाचा आणि नव्या कापडातल्या खळीचा वास. उषाच्या पायमशीनवरचं सोनेरी नाव घासून घासून 'उ' तेवढा उरलाय. मावशी कॉटवर बसून सुई ओवत होत्या, म्हणजे प्रयत्न करत होत्या. दोरा ओठात ओला करायच्या, चिमटीत टोक काढायच्या, डोळे बारीक करून नेम धरायच्या आणि दोरा सुईच्या शेजारून निघून जायचा. चौथ्यांदा गेला तेव्हा मी सुई हातातून घेतली आणि ओवली. "आण," त्या म्हणाल्या आणि उशीतून आणखी सुया काढल्या. "आलीयेस तर बारा ओवून ठेव. रात्रीबेरात्री कुणाला हाक मारू? लांब दोरा घे, दुहेरी, आणि सुईला आठाचा फेर देऊन टोचून ठेव, गुंता होत नाही." मशीन अजून चालतं, पायांत ताकद आहे, पण झालर फळीशी जुळवायची तर आधी हाताचे टाके लागतात. आणि डोळ्यांनी साथ सोडली होती. हे किती दिवसांचं, ते मी विचारलं नाही.

दोनतीन सुया झाल्यावर धीर केला. खाली बघूनच म्हणाले, "मावशी, तो गुलाबी कागद मी भरला होता. प्रार्थना मी लिहिलं. तुम्हाला न विचारता. त्या बुधवारी तुम्ही घरी असता तर..."

"मग? मी अडाणी आहे का? मला कळलं नाही होय?" त्या केळं सोलत म्हणाल्या. "पहिल्याच बुधवारी पोरगी म्हणाली, आजी तुमचं कृपादान प्रार्थना. म्हटलं, हिच्या मनात आलं, लिहिलं."

"मग जाता कशाला दर बुधवारी?"

त्यांनी केळ्याचा घास खाल्ला, सावकाश. "पंखा आहे तिथं. चहा देतात." मग थोडा वेळ थांबून, "आणि बायका येतात सगळ्या. सत्तरीच्या, पंचाहत्तरीच्या. एकीचा उजवा खांदा उतरलाय. एकीच्या पायाला सूज असते, तिला तंग बसवून चालणार नाही. त्या कोपऱ्यातल्या जाड्या बाईला रुंदी जास्त लागेल, सुताराला आधी सांगायला हवं. डोळे मिटून बसल्या की बघता येतं नीट. एरवी कोण बघू देतं?"

मी सुई धरून तशीच बसले. बाहेर शेजारणीची कोंबडी पत्र्यावर चढली होती, तिची नखं वाजत होती.

"तुझ्या आईचंही असंच पाहून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "मेळाव्याला."

मला काहीतरी बोलायचं होतं, पण गळ्याचं ते जुनं होतं तसं झालं. मावशींनी साल गुंडाळून खिडकीत ठेवलं, चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मानेशी जरा थांबल्या.

"पाचवी ओव," म्हणाल्या.